तिसरी पुकार

जुळे सोलापूर,
सोमवार, १७ एप्रिल

प्रिय रावजी,

सलाम. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस हे काल रेश्मानं मला दाखवलं. मी आपला समजत होतो, माढ्याला रेंज नसते. पोस्टमनला मात्र तुला बंद करता येणार नाही, म्हणून हे पत्र.

काल लग्नाच्या तीन पुकारींपैकी पहिली झाली. पाळकांनी उपासनेनंतर चष्मा पुसून वाचलं, 'माढ्याचे रावजी रणपिसे यांची कन्या रेश्मा आणि सोलापूरच्या मुक्ताबाई सोनकांबळे यांचे चिरंजीव अजिंक्य यांचा विवाह दहा मे रोजी योजिला आहे. कोणाची रास्त हरकत असेल तर त्यांनी उभं राहून सांगावं.' मग ते थांबले. आपल्या चर्चमध्ये या थांबण्याला किती जीव असतो ते तुला माहीत आहे. पंखे ऐकू येतात. कुणीतरी खोकलं तरी सगळ्या माना वळतात. कुणी उठलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तेवढ्यात पाळकांनी मला बाजूला घेतलं. 'मास्तर, रावजींचा फोन होता. तिसऱ्या पुकारीला येतो म्हणाले, आणि उठणार म्हणाले.'

असं आहे का रे ते?

मी थोरला भाऊ आहे. 'उठायचं नाही' असा हुकूम मी करू शकलो असतो. पण पौलानं तुरुंगातून फिलेमोनाला एका पानाचं पत्र लिहिलं, ते आठव. पळून गेलेल्या गुलामाला, अनेसिमाला, परत घे, एवढंच मागणं. हुकूम करायचा अधिकार असून म्हातारा विनंती करतो, आणि शेवटी सहज लिहून जातो की माझ्यासाठीही खोली तयार ठेव. चाळीस वर्षं मी पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण मागणं कसं मागावं ते या पानाइतकं चांगलं मला शिकवता आलं नाही. म्हणून मी विनंती करतो. तिसऱ्या रविवारच्या आधी एकदा रेश्माशी बोल. नुसतं बोल.

तू उठणार म्हटल्यावर मला काय आठवलं सांगू? मिशन शाळेतली चौथी. कवितेचा तास. म्हणायची पाळी तुझ्यावर यायची. तू उठायचास, पहिल्या दोन ओळी ठसक्यात म्हणायचास, आणि तिसरी ओळ आली की तुझं तोंड मिटायचं. 'बस' म्हटलं तरी बसायचा नाहीस. अख्खा तास उभा. मी सहावीत होतो, खिडकीतून तुला दिसेल असा उभा राहून तिसरी ओळ ओठांनी सांगायचो. तू माझ्याकडे बघायचासच नाही. ती कविता मला अजून चालीसकट येते. तिच्यातली नदी कुठली होती ते मात्र कुठल्या गुरुजींनी सांगितलं नाही.

वच्छलाला सलाम. पत्राचं उत्तर दे.

तुझा,
अण्णा

शुक्रवार, २१ एप्रिल

प्रिय रावजी,

कार्ड मिळालं. त्यावर तुझं स्वतःचं एक अक्षर नाही. '२ करिंथ ६, १४. मत्तय १०, ३७.' बस. आमचा पोस्टमन शरणबसव कार्ड उलटसुलट करत दारात उभा. 'मास्तर, मटक्याचे आकडे हायत का ओ? मला बी सांगा की.' मी म्हटलं, माझ्या भावाचा राग आहे तो.

आकडे उघडून पाहिले. पाहायची गरज नव्हती, दोन्ही वचनं मला पाठ आहेत आणि तुलाही ते ठाऊक आहे. विश्वास नसलेल्याशी विजोड जू नको. आणि लेकीवर माझ्यापेक्षा जास्त प्रीती करणारा मला योग्य नाही. बरोबर आहे, दोन्ही तिथं आहेत. मीही आकड्यानं आकडा परतवू शकलो असतो. त्याच करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय उघड, विश्वास नसलेला नवराही बायकोमुळं पवित्र ठरतो म्हणतो तो, असं लिहून कार्ड टाकलं असतं. मग तू तिसरं टाकलं असतंस. दहा मे आला असता आणि शरणबसव तेवढा थकला असता.

त्यापेक्षा मला कामाचं बोलू दे. त्याच मत्तयात पुढं सांगितलंय की भावानं तुझा अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटा जा. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही ऐकलं तर मग मंडळीला सांग. मला हे कायम घराच्या जिन्यासारखं वाटतं. तू पहिल्या पायरीवर पाय न ठेवता गच्चीवर उभा राहून ओरडणार आहेस. रेश्मा तुझ्याशी एकट्यानं बोलायला दोनदा माढ्याला आली, दोन्ही वेळा तू उसाकडं निघून गेलास. असं मी म्हणत नाही, तुझी बायको वच्छलाच म्हणते.

आता माझं ऐक. याकोबाच्या पत्रात ते आहे ना, ऐकायला तत्पर, बोलायला धीमा आणि रागाला त्याहून धीमा. मी हे वर्गात फळ्यावर लिहायचो आणि लिहून झालं की पोरांवर ओरडायचो. या महिन्यात म्हटलं, एकदा करून तरी पाहू. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं. शेजारचा चन्नप्पा पाणी आलं रे आलं की मोटर लावतो आणि आमचा नळ कोरडा पडतो. सहा उन्हाळे आम्ही भांडतोय. परवा मी भांडलो नाही. विचारलं, 'चन्नप्पा, तुला इतकी घाई का असते?' तो गडबडलाच. म्हणाला, 'अव्वा वर झोपूनच असत्यात ना मास्तर. सावित्रम्मा. कपडे, चादरी रोजच्या रोज धुवायचं. टाकी भरली न्हाय तर वास मारतंय की ओ.' सहा उन्हाळे, रावजी! भिंतीपलीकडची त्याची म्हातारी आई मला माहीत नव्हती. आता तो आधी अर्धा तास मोटर लावतो, मग मी.

मग हेच मी अजिंक्यवर करून पाहिलं. रेश्मा नर्स आहे त्याच हॉस्पिटलात तो एक्स-रे काढतो, हे तुला माहीत आहे. त्याच्या घरचे बौद्ध, तेही माहीत आहे. बाप्तिस्म्यावरून मीही त्याला दोन महिने प्रवचनं दिलीत, तू एकटा नाहीस. या वेळी गप्प बसून ऐकलं. तो म्हणाला, 'अण्णा, तुमच्या चर्चमध्ये मी दर रविवारी येऊन बसेन. पण लग्नासाठी पाण्यात उतरलो तर ते तुमच्या प्रभूशीही खोटं आणि माझ्या आजोबांशीही. त्यांनी माणूस म्हणून जगायला एक धर्म सोडला होता. मग जो घेतला, तो काय मी हॉलच्या भाड्यासारखा देऊन टाकायचा?'  

रेश्मा इथं माझ्या घरी मजेत आहे. तिची काळजी करू नकोस.

तुझा,
अण्णा

गुरुवार, २७ एप्रिल

प्रिय रावजी,

आधी माफी मागतो. मंगळवारी तुझ्या अंगणात मी जे केलं त्याची.

मी शहाणपणानं निघालो होतो. एकटा जा असं तुला लिहिलं, मग आपण नको का जायला? सकाळची एसटी धरली. खिडकीपाशी बसून मनात कविता म्हणत होतो. बाहेर सगळं भाजून निघालेलं, वेड्या बाभळी तेवढ्या हिरव्या. मला वाटत होतं, तू मला बघशील, 'अण्णा, आलास व्हय?' म्हणशील, आणि आपण तांब्याभर पाणी पिऊन रडू. म्हातारपणी माणूस फार सोपी चित्रं काढतो.

तू शेळीला पाला घालत होतास. पाठ वळवलीस ती वळवलीसच. वच्छलानं चहा दिला, दुसऱ्यांदा दिला. मी बोलत राहिलो. तू पाल्याची एकेक फांदी अशी मोडत होतास की जणू ती माझीच मान आहे. आणि मग माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला. 'ऊठ! उभा राहा आणि बोल!'

पासष्ट वर्षांच्या भावाला, त्याच्याच अंगणात, त्याच्या शेळीपुढं. शेळीसुद्धा दचकली.

तू उठलास, आत गेलास आणि कडी लावलीस. मला कळलं की विनंतीचं पत्र लिहिणारा म्हातारा कागदावरच होता.

वच्छला मला फाट्यापर्यंत सोडायला आली. तुझं एक वाक्य तिनं सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. 'बाबांनी ज्याच्यासाठी गाव सोडलं, विहीर सोडली, भावकी सोडली, ते ही पोरगी दाराशी चपला काढल्यासारखं काढून ठेवणार हाय.' असं तू म्हणतोस म्हणे, भिंतीकडं तोंड करून. रावजी, हे तू मला का लिहिलं नाहीस? आकडे कशाला पाठवलेस? हे वाक्य माझंही आहे. फक्त मला हल्ली असं वाटतं, बाबांनी सोडलं ते कुणीतरी त्यांना माणूस म्हणून हाक मारली म्हणून. आणि अजिंक्यचा आजोबा ज्याच्या मागं गेला, त्यानंही त्याला तीच हाक मारली होती. दोन म्हातारे एकाच वेशीतून बाहेर पडले, वाटा वेगळ्या धरल्या. कोण कुणाचं काय काढून ठेवतंय?

आता खरं सांगतो. रेश्मा मजेत आहे असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. तू तिच्याशी बोलत नाहीस तरी दर महिन्याला तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या ती पुडकं बांधून माढ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते, आणि तू ते स्टँडवर जाऊन घेतोस. आम्ही दोघं त्यावर हसायचो. 'पप्पा माझ्यावर रुसलेत, गोळ्यांवर नाहीत.' या महिन्याचं पुडकं वीस तारखेला परत आलं. कंडक्टर म्हणाला, 'घेतलं न्हाय त्यांनी. परत न्या म्हणले.'

त्या दिवसापासून ती ड्यूटीवर जाते, येते, आणि स्वयंपाकघरात बसून राहते. भाकरी थापते, खात नाही. रविवारच्या दुसऱ्या पुकारीला मंडळीतल्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू घरात प्रेत आहे. रीतीप्रमाणे पुकारीचे तिन्ही रविवार नवरी म्हणून ती घरीच असते, ते बरं झालं.

रविवारी संध्याकाळी अजिंक्यच्या आई आल्या. मुक्ताबाई. कपाटासारखी घट्ट बाई, नवरा गेल्यावर शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून पोराला वाढवलं. चहा घेतला नाही. म्हणाल्या, 'मास्तर, मी तिसऱ्या रविवारी तुमच्या चर्चात येऊन बसणार हाय. शेवटच्या बाकावर. माझ्या पोराचं नाव घिऊन कुणी उभं राह्यलं आन् वंगाळ बोललं, तर मी बी उभी राहीन. आन् मग हे लगीन न्हाय.'

रेश्मा आतून आली. शांत होती, त्याचीच मला भीती वाटली. 'आई, तुम्हाला उठावं लागणार नाही. पप्पा उठले तर मीच पाळकांना सांगेन नाव काढा म्हणून. अजिंक्यशी नाही, कुणाशीच नाही. आणि माढ्याला परत पाय ठेवणार नाही.'

मुक्ताबाईंनी तिच्याकडं बघितलं. 'बापावर गेलीयस की गं,' म्हणाल्या, आणि मग चहा मागितला.

आता तुला माहीत आहे काय पणाला लागलंय ते. गोळ्यांवाचून तुला आठवडा झाला. डोकं दुखतं का?

अण्णा

शनिवार, २९ एप्रिल, दुपार

रावजी,

हे पत्र कंडक्टरकडे देतोय, पोस्टानं वेळेत पोचणार नाही. सोबत पुडकं आहे. मी बांधलेलं नाही. रेश्मानं काल पुन्हा बांधलं, काही न बोलता. मी फक्त वर पत्र ठेवलं. याकोबच म्हणतो ना, उघड्या माणसाला 'जा, ऊब घे' असं नुसतं म्हणून काय उपयोग. पोरीनं ते कधी वाचलं असेल असं वाटत नाही, ती आपली चिकटपट्टी लावून मोकळी होते.

उद्या तू येणार. वच्छलानं शेजारच्या फोनवरून सांगितलं. नव्या शाळू ज्वारीची पिशवी शिवलीय, मूठदानासाठी घेऊन येतोयस, म्हणाली. म्हणजे दळण काढताना वच्छलानं मुठीमुठीनं बाजूला ठेवलेलं ते धान्य. आम्ही शहरातले आता थैलीत नोटा टाकतो. तू अजून पिशवीच आणतोस.

बोध करायचा नाही असं ठरवलंय. फक्त आठवण.

कोंबडीची. तू सात वर्षांचा होतास, मी नऊ. हंगामाच्या सणाला बाबांनी तांबडी कोंबडी दान द्यायची ठरवली होती. आपण तिघं चर्चच्या फाटकापाशी पोचलो आणि बाबा थांबले. त्यांचं आदल्या दिवशी बांधावरून मल्लप्पाशी कडाक्याचं वाजलं होतं, हे आपल्याला माहीत होतं, गावालाही. बाबांनी कोंबडी तुझ्या हातात दिली. 'धर. मी आलोच.' आणि उन्हातून उलट चालत निघाले, मल्लप्पाच्या वस्तीकडे.

आत उपासना सुरू झाली. गाणी झाली. तू कोंबडी छातीशी धरून उभा. मी म्हटलं, 'चल, आपणच देऊन टाकू.' तू म्हणालास, 'न्हाय. बाबा आल्याबिगर न्हाय.' कोंबडीनं तुझ्या सदऱ्यावर घाण केली. लोक बाहेर पडले, हसले. कुणीतरी म्हणालं, 'अरे, कोंबडीला बाप्तिस्मा द्यायचाय का?' तू हललाही नाहीस. बाबा परत आले तेव्हा सूर्य डोक्यावरून गेला होता आणि त्यांच्याबरोबर मल्लप्पा होता. फाटकाच्या आत तो आला नाही, पण तिथंवर आला. मग बाबांनी तुझ्या हातातून कोंबडी घेतली आणि रिकाम्या चर्चमध्ये जाऊन एकट्यानं दान दिलं.

आधी भावाशी समेट, मग दान, हे वचन मी आयुष्यात शंभर प्रवचनांत ऐकलं असेल. मला ते कळलं तुझ्या सदऱ्यावरच्या डागामुळं.

उद्या शास्त्रवाचनाची पाळी माझी आहे. एवढंच.

गोळी आज रात्रीच घे.

अण्णा

मंगळवार, २ मे

प्रिय रावजी,

तू काय केलंस ते तुला माहीत आहे. पण तू कसा दिसलास ते माहीत नाही, आणि तू गेल्यावर मागं काय झालं तेही नाही. म्हणून लिहितो. एक कबुलीही आहे.

रविवारचा उतारा मी बदलला. नेमलेला वेगळा होता. पाळकांना शनिवारी जाऊन म्हटलं, मला वेदीपाशी दान ठेवण्याचं वाचू द्या, आणि दान पुकारीच्या आधी घ्या. ते म्हणाले, 'मास्तर, तुम्ही डाव टाकताय.' मी म्हटलं, 'हो.' राग आला असेल तर ये.

तू तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला. मांडीवर पिशवी. मुक्ताबाई शेवटच्या बाकावर, पांढरी साडी, हात छातीशी घट्ट. मी वाचायला उभा राहिलो आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज फाटला. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा... पुढं मला दिसेना. पाळकांनी ते पुरं केलं.

थैली फिरली. धान्य आणलेले चारपाच जण टेबलापाशी गेले. तू गेला नाहीस.  मला वाटलं, दान राखून ठेवलंय, म्हणजे उठणारच.

पाळकांनी तिसरी पुकार वाचली आणि थांबले. पंखे. मग तुझा बाक करकरला.

रावजी, तू उठलास तेव्हा मला तू चौथीतला दिसलास. तीच मान, तीच मिटलेली जिवणी. मागं मुक्ताबाईही उठल्या, त्यांच्या बांगड्या मी ऐकल्या. सगळी मंडळी तुझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी, लाज वाटते सांगायला, समोरून ओठ हलवत होतो. काय सांगत होतो ते मलाच माहीत नाही. तिसरी ओळ असेल.

तू माझ्याकडे बघितलंस. त्या शाळेत कधी बघितलं नव्हतंस.

मग तू पिशवी बाकावर ठेवलीस, नीट, तोंड वर करून, सांडू नये अशी. आणि बाजूच्या दारानं बाहेर गेलास.

पाळकांनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, 'हरकत नाही.' मुक्ताबाई अजून उभ्याच होत्या. 'हे काय हो मास्तर? हे व्हय म्हणायचं का न्हाय?' त्यांनी भर चर्चमध्ये विचारलं. मला काय ठाऊक! माझ्या मनात एकच आलं, तू घरी गेलास, आणि पोरीला हाताला धरून माढ्याला घेऊन जाणार. मी तसाच पळालो. चपला चर्चच्या पायरीवर राहिल्या. तापलेल्या डांबरावर नाचत रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, 'चाचा, आग लगी क्या?' मी म्हटलं, 'अजून कळलं नाही.'

गल्लीत शिरलो तर चन्नप्पा बोंबलत होता. 'ओ मास्तर! टाकी वाहायलीय की तुमची! मोटर बंद करा म्हटलं तर आत कोण ऐकनाच!' पाणी रस्त्यावर आलं होतं. पाच दिवसांचं पाणी. मला वाटलं, आत कुणी जिवंत आहे की नाही.

दार सताड उघडं. तू माझ्या खुर्चीत, सदऱ्याची बाही वर केलेली. रेश्मा खाली बसलेली, तुझ्या दंडाला पट्टा गुंडाळलेला, कानात नळ्या. डोळे मिटून ऐकत होती. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि ती म्हणाली, 'बोलू नका पप्पा. आकडा चढतो.'

तू गप्प बसलास. मी उंबऱ्यात गप्प उभा राहिलो. बाहेर पाणी वाहत होतं आणि चन्नप्पाही, कशाला कोण जाणे, गप्प झाला. ऐकायला तत्पर, बोलायला धीमा. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो.

नंतर मी तिला विचारलं, आल्या आल्या पप्पा काय म्हणाले? ती म्हणाली, 'काही नाही. दारात उभे राहिले आणि म्हणाले, गोळ्या कालच्या पुडक्यातल्या घेतल्यात, पण डोकं गरगरतंय, बघतीस का?' सांगताना ती हसत होती आणि नाक पुसत होती.

दुपारी अजिंक्यही आला, तेव्हा जेवताना तू त्याला म्हणालास ते मी विसरलेलो नाही. 'मी बोललो न्हाय म्हंजे मला पटलं असं समजू नगंस. बाप्तिस्म्याचं माझ्या मनातनं गेलेलं न्हाय.' आणि तो म्हणाला, 'माझ्याही मनातलं गेलं नाही, पप्पा. पण तुम्ही मला ते तोंडावर सांगितलंत.' असू दे. हे दोघांच्या मनात राहणारच, ते काही मी वचनानं पुसू शकत नाही. पण त्याच्या गाडीवर मागं बसून तू स्टँडवर गेलास, आणि वळणावर त्याच्या खांद्यावर हात ठेवलास, ते मी गच्चीवरून बघितलं.

आता कामाचं. तुझी पिशवी बाकावरच राहिली होती. पाळकांनी माझ्याकडे दिली, चपलांसकट. उंदीर लागू नयेत म्हणून डब्यात ठेवलीय. काल मुक्ताबाई आल्या, झाकण उघडून दाणे हातावर घेतले. 'टपोरं हाय की. मास्तर, याच्या भाकरी करू या?' मी म्हटलं, नाही. हे देवाचं आहे, पण अजून दिलेलं नाही.

पाळक म्हणत होते, मीच देऊन टाकतो तुमच्या भावाच्या नावानं. त्यांनाही नाही म्हटलं. आधी जा, समेट कर, असं लिहिलंय, तेवढं तू केलंस. पण वाक्य तिथं संपत नाही. मग परत येऊन आपलं दान दे, असं पुढं आहे.

दहा तारखेला सकाळी मी चर्चच्या फाटकापाशी पिशवी धरून उभा असेन. कुणी हसलं तर हसू दे. तू आल्याबिगर आत जाणार नाही.

आदल्या दिवशीच या दोघं. खोली तयार आहे.

तुझा,
अण्णा